भातसानगरचा संगणक

भातसानगर हें नांव मुंबईकरांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें. पण भातसेचें पाणी प्याला नाहीं असा मुंबईकर शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. मुंबईस पाणी पुरविणारे सात तलाव काठोकाठ भरले म्हणजे त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावतें, आणि त्यांपैकीं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसेचें. आमच्या दादरच्या घरीं पाहुण्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवला जातो, त्यांतील निम्मा तांब्या ह्या हिशेबानें शहापूर तालुक्यांतून आलेला असतो. गेल्या वैशाखांत आम्ही तेथें गेलों, तें मात्र धरण पाहण्यास नव्हे. आमच्या आतोबांच्या घरीं नवा संगणक घ्यावयाचा होता, आणि कोणता घ्यावा हें ठरविण्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें होतें.

मुंबईंत राहणाऱ्या माणसास सर्व कांहीं कळतें अशी बाहेरगांवच्या आप्तांची समजूत असते. ती आम्हीं कधीं खोडून काढली नाहीं. उलट निघण्यापूर्वीं दोन रात्री जागून आम्हीं प्रोसेसरांचे तुलनात्मक तक्ते पाहिले, एका कागदावर सुबक यादी केली, आणि ती खिशांत घालून सकाळची कसाऱ्याची लोकल पकडली. त्या यादीचें पुढें काय झालें तेंच येथें सांगावयाचें आहे.

कल्याण सुटलें म्हणजे ही गाडी निराळी होते. मुंबईची घाई डब्यांतून उतरून जाते. लोक पाय पसरून बसतात, आणि न विचारतां एकमेकांस आपल्या घरचीं लग्नें सांगूं लागतात. टिटवाळ्याच्या बाजूस काळू नदी, खडवलीस भातसा. भर वैशाखांतहि भातसेंत वाहतें पाणी दिसतें, ह्याचें नवख्यास नवल वाटतें. धरणांतून सोडलेलें मुंबईचें पाणी नदीच्या पात्रांतूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जातें. तेथें तें उपसून पांजरापूरला शुद्ध करतात व पुढें धाडतात. वाशिंद गेलें कीं माहुलीचे सुळके दिसूं लागतात. १६३६ सालीं शहाजीराजांनीं ह्याच गडावरून मोंगल व आदिलशाही फौजांशीं अखेरची झुंज दिली. आम्ही दरवेळीं गडावर जावयाचें ठरवितों आणि दरवेळीं आसनगांव स्टेशनांतून सरळ रिक्षांत बसतों.

शहापूरची पेठ ओलांडून धरणाच्या रस्त्यास लागलों तों समोरून पाण्याचे दोन टँकर आले. अर्ध्या मुंबईची तहान भागविणाऱ्या ह्या तालुक्यांत उन्हाळ्यांत पाड्यापाड्यांवर टँकरनें पाणी न्यावें लागतें. रिक्षावाल्यास आम्हीं ह्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि आम्ही कोठून आलों हें विचारलें नाहीं.

भातसानगर म्हणजे धरणाच्या कामासाठीं वसलेली वसाहत. धरण सुमारें ८८ मीटर उंच. तें पुरें झालें १९८३ मध्यें. पायथ्याशीं १५ मेगावॉटचें वीजघर आहे. काम जोरांत होतें तेव्हां येथें केवढी वर्दळ असे तें आतोबा सांगतात. आज तेथें झाडें मोठीं आणि माणसें थोडीं आहेत. आतोबा पाटबंधारे खात्यांत होते. निवृत्तीनंतर मुंबईस किंवा पुण्यास न जातां त्यांनीं जवळच घर बांधलें. घरांत ते स्वतः, वय वर्षें चौऱ्याऐंशीं, आत्याबाई, आमचे आतेबंधू, आम्हांहून चार वर्षांनीं वडील, शाळेंत विज्ञान शिकवितात, सौ. वहिनी, बारावींत गेलेली नात, जिला आजोबांप्रमाणें स्थापत्यशास्त्राकडे जावयाचें आहे, आणि नववींतला नातू, ज्याला तूर्त खेळांखेरीज कशाकडेच जावयाचें नाहीं.

पन्हें झाल्यावर आम्हीं खिशांतली यादी काढली. आतोबांनीं चष्मा लावून ती वाचली, घडी केली, आणि विचारलें, “अरे, ह्यांत वीज कोठें आहे?”

त्या प्रश्नामागें एक जुनी गोष्ट होती. ती आम्हांस अर्धवट ठाऊक होती. त्या दिवशीं सबंध कळली.

ह्या घरांत २०११ मध्यें पहिला संगणक आला. आतोबांनीं तीसएक वर्षें स्वतःसाठीं टिपणवह्या ठेवल्या होत्या. सरकारी नोंदी सरकारजवळ; ह्या घरगुती. अंगणांतल्या पर्जन्यमापकांत किती पाऊस पडला, विहिरीचें पाणी किती हातांवर गेलें, आंबा केव्हां मोहरला, धरण पहिल्यानें भरलें तेव्हां कोण काय म्हणालें. हें सर्व त्यांनीं चार वर्षें खपून दोन बोटांनीं टंकलिखित केलें. वह्यांस वाळवी लागली होती. आतां सगळें यंत्रांत आहे, असें म्हणून त्या टाकून दिल्या. पुढें २०१६ च्या आश्विनांत परतीच्या पावसांत एका रात्रीं विजा कडाडूं लागल्या. घरच्यांनीं नेहमींप्रमाणें संगणकाचा प्लग काढून ठेवला. पण इंटरनेटसाठीं टेलिफोनची तांब्याची तार मोडेमला, आणि मोडेमची केबल संगणकाला, अशी जोडलेली तशीच राहिली. वीज त्या वाटेनें आंत आली. मदरबोर्ड जळला, हार्ड डिस्क गेली. शहरांतल्या एका दुकानानें ती डिस्क दीड महिना ठेवून घेतली व नकार कळविला. शिल्लक राहिला एक पेनड्राइव्ह, ज्यावर कांहीं भाग कधींकाळीं उतरवून ठेवलेला होता.

त्यानंतर आतोबांनीं कीबोर्डास हात लावला नाहीं. आतां डोळेहि साथ देत नाहींत. परंतु पुष्कळसें तोंडपाठ आहे; त्यांनीं सांगावें व नातीनें लिहावें असें घरांत ठरलें होतें. त्यासाठीं हा संगणक. मुलांचा अभ्यास, वहिनींचे हिशेब, शाळेच्या प्रश्नपत्रिका हीं कामें होतींच. पण खरें कारण हें. “पुन्हां सांगण्याइतकें आयुष्य एकदांच आहे,” आतोबा म्हणाले. “दुसऱ्यांदा गेलें तर गेलें.”

आमच्या यादींत आठ कोअरचा प्रोसेसर होता, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड होतें, पंख्यांत दिवे असलेलें कॅबिनेट होतें. ह्या घरास काय हवें, ह्याचा एक शब्दहि तींत नव्हता. आम्हीं ती परत खिशांत घातली.

दुपारीं आतेबंधूंनीं शाळेचा मल्टिमीटर आणला, आणि तपासणी सुरू झाली. सायंकाळीं दिवेलागणीस विजेचा दाब १८८ व्होल्ट, पहांटे २४६. झाडींतून लांबून येणाऱ्या तारांवर हें चालावयाचेंच. ह्याची आम्हांस मोठी धास्ती वाटली, पण ती कांहींशी अनाठायीं होती. संगणकांतील वीजपेटी, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, ती चांगल्या प्रतीची असेल तर १०० पासून २४० व्होल्टपर्यंतच्या दाबावर चालण्यासाठींच केलेली असते, आणि वरच्या अंगासहि थोडी मोकळीक ठेवलेली असते. तेव्हां निराळ्या स्टॅबिलायझरची गरज नाहीं. खरा दोष निघाला तो तिसऱ्या भोंकांत. न्यूट्रल व अर्थ ह्यांमधील दाब फार तर दोन-चार व्होल्ट असावा; तेथें ३८ भरला. घराची अर्थिंग नांवापुरती होती. मागील अंगणांतला तिचा खड्डा कोरडा ठणठणीत, आणि तार गंजून हातांत आली. मोठमोठ्या किमतीचे सर्ज प्रोटेक्टर विजेचा लोट जमिनींत घालविण्यावरच विसंबून असतात. जमिनीकडे जाणारी वाटच तुटलेली असेल तर तो महागडा पट्टा आणि आठ आण्यांची दोरी सारखींच.

अशा रीतीनें संगणकाच्या खरेदींतील पहिली वस्तु म्हणून दोन पोतीं लोणारी कोळसा व एक पोतें जाडें मीठ आलें. शहापूरच्या वायरमननें नवा पाइप पुरला, कोळसा-मिठाचे थर दिले, आणि दर आठवड्यास बादलीभर पाणी ओतावयास सांगितलें. उन्हाळ्यांत ओलावा सुटला कीं अर्थिंगहि सुटते. आत्याबाईंनीं ती जागा पाहून तेथें अळूचें बेट लावण्याचा बेत केला. भांडीं विसळलेलें पाणी तिकडे सोडलें म्हणजे दोन्ही कामें होतात. ही युक्ति आम्हांस कोणत्याहि तक्त्यांत आढळली नव्हती.

रात्रीं जेवणानंतर लॅपटॉप कीं टेबलावरचा संगणक, हा वाद निघाला. आतेबंधू लॅपटॉपच्या बाजूचे. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें: लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी काम अडत नाहीं, विजा चमकूं लागल्या कीं सर्व तारा सोडून कपाटांत ठेवतां येतो. एकट्या विद्यार्थ्यासाठीं घ्यावयाचा असता तर आम्हींहि तेंच सुचविलें असतें. वाद संपविला वहिनींनीं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, लॅपटॉप आला कीं तो चार दिवसांत एकाचा होतो. आज हिच्या खोलींत, उद्यां ह्यांच्या शाळेंत. मामंजींना लिहावयाचें असेल तेव्हां शोधत फिरायचें. टेबलावरचा सगळ्यांचा राहतो.” शिवाय त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, हें आम्हीं जोडलें. भातसानगराहून कंपनीच्या सेवाकेंद्रावर सबंध यंत्र नेणें म्हणजे दिवस मोडणें; एक एसएमपीएस बदलणें शहापुरांतहि होतें.

जागाहि वहिनींनींच ठरविली. आम्हीं खिडकीजवळची हवेशीर जागा दाखविली होती. ती भिंत पश्चिमेची. आषाढांत तिला हात लावला तर ओला होतो, हें आम्हांस मुंबईंत बसून कळणार कसें? आंतल्या भिंतीस, जमिनीपासून दीड हात उंच, असें ठरलें. दमट हवेंत बंद पडून राहिलेला संगणक लवकर मरतो, रोज दोन तास चालणारा स्वतःच्या उष्णतेनें कोरडा राहतो; म्हणून पावसाळ्यांत काम नसलें तरी चालूं करावा, असें आम्हीं सांगितलें. ह्यावर आतेबंधूंनीं शाळेंतील एका संगणकाची हकीकत सांगितली. त्याच्या एसएमपीएसमध्यें उबेला एक पाल जाऊन बसली व दोन तारांमध्यें आडवी होऊन स्वतः मेली आणि यंत्रासहि घेऊन गेली. तेव्हां कॅबिनेटच्या प्रत्येक भोंकास बारीक जाळी हवी, हें कलम आमच्या नव्या यादींत आलें.

नव्या यादीचा क्रम आतां उलटा झाला होता. मागाहून जें वाढवितां येत नाहीं किंवा ज्यावर इतर सर्व भाग विसंबलेले, तें आधीं व चांगलें. मागाहून घालतां येईल तें आज बेताचें. घरच्यांनीं पन्नास हजार रुपये बाजूस काढले होते. त्यांतून अर्थिंगचे गेले.

शेजारचे एक गृहस्थ आपला जुना ‘आय-सेव्हन’ संगणक स्वस्तांत देऊं करीत होते. नांव भारदस्त, पण इंटेलच्या प्रोसेसरांत ‘सेव्हन’ ह्या आंकड्याहून पिढीचा आंकडा महत्त्वाचा असतो. विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडील प्रोसेसरांनाच रीतसर स्वीकारतें. शेजाऱ्यांचें यंत्र चौथ्या पिढीचें होतें. लिनक्स घालून तें सुखानें चाललें असतें, आणि आम्ही एकटे असतों तर तसें केलेंहि असतें. पण शाळेच्या कामास विंडोजच लागतें असें आतेबंधूंचें म्हणणें पडलें. तीं साखरेची परत केलेली वाटी जशी रिकामी देत नाहींत, तसे चार गोड शब्द घालून आम्हीं तो देकार परत केला.

चार दिवसांनीं आतेबंधू नातवास घेऊन मुंबईस आले, आणि आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलों. ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या ह्या रस्त्याचें सरकारी नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तेथें कोणी तें उच्चारल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. एका एका जिन्याखालीं दुकान, दुकानांत दुकान, आणि त्या दुकानाच्या कोपऱ्यांत केबल विकणारा आणखी एक. पहिल्या दुकानदारानें आम्हांस बसवून घेतलें, चहा मागविला, आणि नातवाकडे पाहूनच अंदाजपत्रक लिहिलें. कांचेचें कॅबिनेट, सहा रंगीत पंखे, ग्राफिक्स कार्ड; एकूण अठ्याहत्तर हजार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी निराळा, किंवा बिल नको असल्यास ‘बघूं’. मुलाचे डोळे त्या कांचेवर खिळले होते. आम्हीं चहा प्यालों आणि बाहेर आलों. बिल नसेल तर वॉरंटी नाहीं. आणि भातसानगराहून वॉरंटीखेरीज येणें परवडत नाहीं.

तिसऱ्या दुकानांत जमलें. सहा कोअरचा प्रोसेसर घेतला, ज्याच्या पोटांतच ग्राफिक्सची सोय आहे. लेखन, हिशेब, नातीचे नकाशे ह्यांस तो पुरून उरतो. मेमरीवर मात्र घोडें अडलें. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत. कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणकगृहांना मेमरी पुरविण्याकडे कारखाने वळले, आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वांट्यास महागाई आली. आठ जीबीवर भागवावें असा दुकानदाराचा सल्ला. आम्हीं सोळांचा आग्रह धरला, आणि त्याहि आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या. पोटांतलें ग्राफिक्स मुख्य मेमरींतूनच आपला वांटा घेतें, आणि दोन पट्ट्या असल्या म्हणजे ती वाट दुप्पट रुंद होते. चार खांचांचा मदरबोर्ड घेतला, म्हणजे पुढेंमागें भर घालतां येईल. मुंबईंतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० च्या सुमारास जो टिफ्रॅक नांवाचा संगणक स्वतः बांधला, त्याची मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आम्हीं दुकानांतल्या दुकानांत कागदावर भागाकार केला: आमच्या दोन पट्ट्या मिळून तिच्या सुमारें पावणेसतरा लाख पट. दुकानदारास हें सांगितल्यानें किंमत कमी झाली नाहीं.

एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळत होता; तो नाकारला. घरांतील एक अनोळखी माणूस म्हणजे हा फुकटचा एसएमपीएस. तो गेला तर एकटा जात नाहीं. साडेपांचशें वॉटचा, ‘८० प्लस’ प्रमाणाचा निराळा घेतला. आमच्या यंत्रास दीडशें वॉटसुद्धां क्वचितच लागतील. जादा शक्ति ठेवली ती नातवासाठीं. मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाची खांच मोकळी आहे, वीजपेटींत जागा आहे. दहावी झाल्यावर त्यानें स्वतः निवडून कार्ड घालावें, असें ठरलें. तो कांहीं बोलला नाहीं. गाडींत मात्र त्यानें वडिलांस विचारलें, “दहावी झाल्यावर म्हणजे निकालाच्या आधीं कीं नंतर?”

यूपीएस घेतांना व्हीए आणि वॉट ह्यांत फसूं नये. ६०० व्हीएचा म्हणून विकतात तो पुष्कळदां ३६० वॉटच पेलतो. आम्हांस तेवढा पुरेसा होता. पण त्यांतील स्वस्त जातीच्या पायरीपायरीच्या लाटेशीं नव्या वीजपेट्यांचें कधीं कधीं पटत नाहीं, आणि वीज जातांच यूपीएस असूनहि यंत्र बंद पडतें. म्हणून दोन्हीं वस्तु दुकानांतच जोडून, भिंतींतला प्लग उपटून पाहिला. दुकानदार हसला, पण यंत्र चालूं राहिलें. घरीं इन्व्हर्टर आहेच. त्याच्या मागील बाजूस ‘यूपीएस’ व ‘नॉर्मल’ असें एक बटण असतें, तें इतकीं वर्षें ‘नॉर्मल’वर होतें हें मागाहून ध्यानांत आलें.

पडदा २४ इंची, साध्या फुल एचडीचा. त्याहून बारीक ठिपक्यांचे पडदे चित्रांस सुंदर. पण त्यांवर अक्षरेंहि बारीक होतात, आणि चौऱ्याऐंशीं वर्षांच्या डोळ्यांस अक्षर मोठें हवें. चकचकीत नको, दिवा त्यांत दिसतो.

राहिली ती सांठवण. पांचशें जीबीची एसएसडी यंत्रांत घातली. तिला फिरती तबकडी नाहीं, वीज अचानक गेल्यास ओरखडा पडावयाचें भय नाहीं. पण एसएसडी बिघडते तेव्हां खोकत-कण्हत बिघडत नाहीं. बहुधा एकाएकीं मुकी होते, आणि मग तींतून कांहीं काढणें फार अवघड. म्हणून एक टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क घेतली. ती आठवड्यांतून एकदां जोडावयाची, प्रत करावयाची, आणि काढून आत्याबाईंच्या ट्रंकेंत ठेवावयाची. कायमची जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. जी वीज यंत्रांत शिरेल ती तींतहि शिरेल. तिसरी प्रत घराबाहेर: महिनाअखेर नातीनें फाइल आमच्याकडे दादरला धाडावी. युनिकोडमध्यें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास बहुतेक तीन बाइट लागतात, तरी वर्षभराची दैनंदिनी मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहून लहान भरते; तेवढी तेथल्या अशक्त इंटरनेटवरूनहि येते.

युनिकोडचें नांव निघालें तें त्या पेनड्राइव्हमुळें. यंत्र भातसानगरला नेऊन मांडलें, चालूं केलें, आणि नातीनें तो जपून ठेवलेला पेनड्राइव्ह लावला. फाइली उघडल्या. सगळे भोंवतीं उभे. पडद्यावर रोमन अक्षरें, कंस, टक्केवारीचीं चिन्हें ह्यांचा नुसता चिवडा. आतोबांस तो दिसत नव्हता, त्यांनीं विचारलें, “काय लिहिलें आहे?” कोणीच उत्तर देईना.

असें कां झालें तें आम्हांस थोड्या वेळानें उमगलें. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु त्यानंतर कितीतरी वर्षें आपल्याकडे टंकलेखन चाललें तें निरनिराळ्या फाँटांवर, ज्यांत आंत रोमन अक्षरच सांठवलें जाई व वर देवनागरीचा मुखवटा चढे. फाँट गेला कीं मुखवटा गेला. घरोघरीं, छापखान्यांत, कचेऱ्यांत अशी किती मराठी आज मुखवट्याविना पडली असेल! सुदैवानें हा रोग असाध्य नाहीं. कोणता फाँट होता हें कळलें तर मूळ अक्षर परत आणणारे परिवर्तक मिळतात. आतोबांस फाँटाचें नांव आठवेना; पण वहिनींना आठवलें, कारण हिशेबाच्या वहीसाठीं त्यांनीं तोच वापरला होता. रात्रीं अकरापर्यंत खटपट करून पहिलें पान उलगडलें. जोडाक्षरें तुटलीं होतीं, र्‍हस्व-दीर्घ ठिकठिकाणीं विसकटलेलें; पण वाचतां येत होतें. नातीनें मोठ्यानें वाचलें. विहिरीच्या पाण्याची नोंद होती, आणि त्याखालीं एका मुकादमाच्या मुलीच्या लग्नाची. पेनड्राइव्हवर एकंदर सात वर्षांचा मजकूर निघाला. बाकीचीं वर्षें आतोबांच्या स्मृतींत असतील तेवढींच.

नव्या लेखनासाठीं नातीनें इनस्क्रिप्टची मांडणी शिकण्यास घेतली आहे. ती विंडोजमध्यें मुळांतच असते, विकत घ्यावी लागत नाहीं. व्यंजनें उजव्या हातास, स्वर डाव्या हातास, आणि ज्यास बाराखडी येते त्यास पंधरा दिवसांत हात बसतो. कीबोर्डावर देवनागरी अक्षरांचे चिकटपट्ट्यांचे ठसे लावले. एकूण खर्च अर्थिंगसह चौपन्न हजारांवर गेला. वरचे चार हजार आत्याबाईंनीं कोठून काढले हें कोणीं विचारलें नाहीं.

निघतांना वहिनींनीं यंत्रासाठीं खारवी कापडाचें पांघरूण शिवून दाखविलें. छान होतें, पण तें चारी बाजूंनीं बंद, आणि चालूं यंत्रावरहि घालावयाचें असा त्यांचा बेत. उष्णता बाहेर जाण्यास वाट हवी, असें आम्हीं सांगितलें. त्या म्हणाल्या, “आणि पाल?” जाळी आहे, असें म्हटलें. त्यांचा जाळीवर विश्वास बसला नाहीं. शेवटीं चालूं असतां काढावयाचें व बंद केल्यावर घालावयाचें, एवढ्यावर मिटलें.

मृगाच्या आदल्या रात्रीं आतोबांचा फोन आला. तिकडे वादळ झालें होतें. नवें इंटरनेट कांचेच्या तंतूचें आहे, त्यांतून वीज वाहत नाहीं, तरी नातीनें प्लगहि काढला आणि ती केबलहि काढली. दोन्ही काढल्या ह्याची त्यांनीं स्वतः चांचपून खात्री केली होती. महिनाअखेर तिची फाइल आली. पहिली नोंद त्या रात्रीची आहे: पाऊस ३४ मिलिमीटर, विहीर अकरा हातांवर.